मावशी, लाल फडकं वेगळंच ठेवतो

प्रिय मावशी,

परवा तुम्ही म्हणालात, ‘दादा, तीस तारखेपर्यंत येईन, मग गावाकडं.’ गुडघे दुखतात आणि लेकीचं बाळंतपण आहे, दोन्ही कारणं खरी. मी ‘बरं’ म्हटलं आणि ऑफिसला निघून गेलो. सहा वर्षं रोज घरात येणाऱ्या माणसाला निरोप देताना एवढाच शब्द तोंडातून निघाला, याचं दिवसभर वाईट वाटत राहिलं. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. आपल्यासारख्या आणखी चार घरांनी वाचावं म्हणून उघडं लिहितोय, तुमचं नाव कुठे घातलेलं नाही. मांडणीवर अंथरायचा पेपर तुम्ही आधी उभ्याउभ्या वाचून काढता, तसंच हेही वाचाल हे मला माहीत आहे.

आधी तो दिवस सांगतो. तुम्ही आमच्याकडे यायला लागून तीन वर्षं झाली होती, दिवाळीला आठवडा राहिला होता. हिचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि डॉक्टरांनी सहा आठवडे पाय टेकायचा नाही असं बजावलं होतं. स्वयंपाक, मुलाचा डबा, सणाआधीची साफसफाई, सगळं मी हातात घेतलं होतं. आपल्या वाघोलीत पाणी बोअरचं, नसेल तेव्हा टँकरचं. कमोडमध्ये तो पिवळट थर बसतो, तो काही केल्या निघेना. निळ्या बाटलीतलं टॉयलेट क्लीनर ओतलं, घासलं, तरी कडेला राहिलाच. मग शेजारची ब्लीचची बाटली उचलली आणि त्याच्यावरच रिकामी केली. दोन्ही मिळून दुप्पट काम होईल असं वाटलं होतं.

पोहण्याच्या तलावाशी येतो तसा वास आला, पण कितीतरी पट उग्र. डोळ्यांतून पाणी, घशात आग, खोकला थांबेना. तुम्ही ओट्याशी भांडी घासत होता. पदर नाकाला लावून धावत आलात, माझा दंड धरून मला बाहेर ओढलंत आणि बाथरूमचं दार लावून घेतलंत. हिच्या खोलीची खिडकी उघडून दार बंद केलंत, मुलाला शेजारी पाठवलंत, हॉलच्या खिडक्या सताड उघडल्यात. फ्लश करावं म्हणून मी परत आत निघालो, तर तुम्ही दारात आडव्या उभ्या राहिलात. ‘आत जायचं नाही. मरू द्या ते कमोड.’ त्या आवाजात तुम्ही माझ्याशी त्याआधी कधी बोलला नव्हता आणि नंतरही नाही.

संध्याकाळी खोकला उतरल्यावर मी वाचत बसलो. कमोडच्या बहुतेक क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, साधारण दहा टक्के. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता तोच हा वायू. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खाली साचतो, म्हणजे लहान मुलाच्या नाकाच्या उंचीवर. हे वाचलं तेव्हा हात थंड पडले. मुलगा त्या वेळी बाथरूमच्या उंबऱ्याशी गाडी फिरवत बसला होता, मावशी. तुम्ही त्याला लगेच हलवलंत.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, तुम्हाला हे कसं ठाऊक? तेव्हा पहिल्यांदा कळलं की आमच्याकडे यायच्या आधी तुम्ही हिंजवडीच्या एका कंपनीत चार वर्षं हाउसकीपिंगला होता. तिथल्या बाटल्यांचे नंबर तुम्ही पाढा म्हणावा तसे म्हणून दाखवलेत: आर वन बाथरूमला, आर टू फरशीला, आर थ्री काचेला, आर फोर लाकडाला, आर फाइव्ह वासाला, आर सिक्स कमोडला. कुठली बाटली कुठल्या बाटलीशेजारी ठेवायची नाही, किती पाण्यात किती झाकणं, सगळं तोंडपाठ. आणि आम्ही तोवर तुम्हाला फक्त ‘फरशी पुसून झाली का’ एवढंच विचारत होतो.

त्या दिवाळीत तुम्ही ओट्याखालचं कपाट उपसलंत. बाटल्या, पुड्या, स्प्रे मिळून चौदा नग निघाले. जाहिरात बघून आणलेले, एकावर एक फुकट म्हणून आणलेले, वास आवडला म्हणून आणलेले. जमिनीवर मांडून एकेकाला तुम्ही विचारलंत, ‘हे कशाला?’ नऊ नगांचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

सगळ्यांत मोठा उलगडा त्या पिवळ्या थराचाच झाला. मला वाटायचं ती घाण आहे, ब्लीचने जाईल. तुम्ही म्हणालात, ‘ही घाण नव्हं, पाण्याचा क्षार हाय. ब्लीच त्याला नुसतं पांढरं करतं, काढत नाही.’ बोअरच्या पाण्यातला कॅल्शियम, मॅग्नेशियम थरावर थर बसतो आणि तो आंबटानेच विरघळतो. म्हणजे त्या दिवशी ब्लीचची गरजच नव्हती. आता नळ, शॉवर, किटली, सगळ्यांना लिंबूफूल. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे, वीस मिनिटं तसंच ठेवायचं, मग पुसून धुवायचं. किराणा दुकानातल्या छोट्या पुडीत महिनाभराचं काम होतं. आणि लिंबूफूलसुद्धा ॲसिडच, तेही ब्लीचजवळ न्यायचं नाही, हे तुम्ही मला दोनदा म्हणायला लावलंत.

पण आंबट सगळीकडे चालत नाही, हे मी देवघरापाशी शिकलो. संगमरवरी चौथऱ्यावर तेलाचे डाग होते, मी लिंबू चोळलं. डाग गेले आणि दगडाची चकाकीही गेली. तुम्ही बोट फिरवून बघितलंत आणि म्हणालात, ‘आता हे पॉलिशवाल्याशिवाय येत नाही.’ संगमरवर, शहाबादी, कडप्पा, कोटा हे सगळे चुनखडीच्या जातीचे दगड, आंबट त्यांना खातं. जुन्या वाड्यांतली मोझॅक टाइल्सही तशीच, तिच्यात संगमरवराचेच तुकडे असतात. ओट्याचा ग्रॅनाइट मात्र टिकतो. आईच्या घरी, साताऱ्याला, शहाबादी फरशी आहे आणि कामाला येणारी बाई दर शनिवारी ॲसिडने घासायची. मी फोन करून थांबवलं. आईने विचारलं, कोणी सांगितलं? मी तुमचं नाव सांगितलं.

हळदीच्या डागाची गोष्ट आमच्या घरात अजून निघते. हिच्या पांढऱ्या ओढणीवर आमटी सांडली, मी घाईने साबण चोळला आणि डाग लालभडक झाला. मी घाबरलो, रक्तासारखा दिसत होता. तुम्ही शांतपणे ओढणी पिळलीत आणि गॅलरीत उन्हात टाकलीत. हळद साबणाच्या, सोड्याच्या संगतीत लाल होते आणि उन्हात तिचा रंग उडतो. चार वाजता ओढणीवर फिकट सावली उरली होती, दुसऱ्या दिवशी तीही गेली. त्या डागासाठी मी दोनशे रुपयांचा स्प्रे मागवला होता, तो सील न फोडता परत केला.

दुधाचं पातेलं आधी गार पाण्यात, कारण गरम पाण्याने दूध चिकटून बसतं. ॲल्युमिनियमच्या कढईला सोडा लावायचा नाही, काळी पडते. कुकरच्या तळच्या पाण्यात लिंबाची साल टाकायची. पितळेची समई चिंचेने नाहीतर पितांबरीने, पण लगेच धुऊन कोरडी करायची. ब्लीच गार पाण्यात, तेवढ्यापुरतंच कालवायचं आणि पुसल्यावर दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, नाहीतर जंतू मरत नाहीत. हे सगळं मी वहीत लिहून ठेवलंय. एकाच ठिकाणी तुमच्याशी वाद घातला होता, खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून सिंक धुण्याचा. मला तो फेस आवडायचा. तुम्ही म्हणालात, फेस येतो, मळ तिथंच राहतो. आंबट आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात, उरतं जवळजवळ साधं खारट पाणी. तुमचंच बरोबर होतं.

आणि तो सायकलवाला. कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत सुटं ॲसिड आणि फिनेल विकायला यायचा, अर्ध्या किमतीत. तुम्ही त्याला आपल्या विंगखाली थांबू दिलं नाहीत. ‘लेकरू शरबत म्हणून पिलं तर?’ सुट्या ॲसिडच्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच निर्बंध घातले आहेत हे मी नंतर वाचलं. तुम्हाला त्यासाठी न्यायालयाची गरज पडली नव्हती.

आता जे लिहायचंय ते तोंडावर बोलायला मला जमलं नसतं.

तुमचे हात मी पाहिले तेही त्याच सहा आठवड्यांत. तोवर भांड्यांना तुम्ही होता, मी कधी हात लावला नव्हता. एका रविवारी तुम्ही आला नाहीत आणि मी दोन्ही वेळची भांडी घासली, फरशी पुसली, कपडे भिजवले. रात्री बोटांची टोकं जळत होती, नखांच्या कडा फुटल्या होत्या. आम्ही मोठ्या बादलीतली स्वस्त पावडर आणायचो, सोडा जास्त असलेली, कपड्यांना आणि लादीलाही तीच. मी एक दिवस वापरली. तुम्ही ती चार घरांत, रोज, तीन वर्षं वापरत होता. पावसाळ्यात तुमच्या पायांना चिखल्या व्हायच्या, तुम्ही हळद-तेल लावून यायचात. आम्ही ते बघायचो. पावडरचा आणि त्याचा काही संबंध असेल, असं या घरात कुणाच्या मनातही आलं नाही. बाजारातून वस्तू निवडणारे आम्ही आणि त्या वस्तूत हात घालणाऱ्या तुम्ही, आणि निवडताना तुम्हाला कधी विचारलंच नाही. तीन वर्षं. याबद्दल आभारांच्या आधी माफी मागायला हवी, ती मागतो.

सोमवारी मी यादी आणि पेन तुमच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, यापुढे हे तुम्ही ठरवा. तुम्ही आधी ‘मी काय सांगणार’ म्हणालात. मग हळूहळू सांगितलंत. बादलीची पावडर बंद. भांड्यांना साबणवडी, तीही पाण्यात न भिजणाऱ्या जाळीत. हातमोजे मी मोठे आणले होते, त्यातून ताटं निसटायची. तुम्ही लहान मापाचे, पातळ मागितलेत. उकिडवं बसून पुसण्याऐवजी दांड्याचा मॉप, फक्त कोपरे हाताने. रेशमी साड्यांना रिठे. आणि फडक्यांचे रंग: लाल संडासचं, पिवळं बेसिनचं, निळं हॉलचं, हिरवं ओट्याचं. यादी चौदा नगांवरून सहावर आली आणि महिन्याचा खर्च निम्म्याहून खाली. पण मला खर्चापेक्षा आठवतं ते हे, की जानेवारीत तुम्ही हिला हात दाखवून म्हणालात, ‘बघा ताई, भाकरी थापताना आता झोंबत नाही.’

कामाचीही वाटणी तेव्हाच बदलली. हिचं प्लास्टर निघालं तरी मी भांड्यांचा रात्रीचा घाणा स्वतःकडेच ठेवला, तुम्हाला सकाळी आदल्या रात्रीची खरकटी मिळू नयेत म्हणून. मुलगा आपलं ताट स्वतः विसळतो. महिन्याच्या चार सुट्या पगारी झाल्या. त्या आधीच व्हायला हव्या होत्या. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आपल्या राज्यात २००८ साली झाला आणि आपण दोघांनी नोंदणीचा अर्ज भरला तो कितीतरी वर्षांनी, याच ओट्यावर, तुमचा फोटो पिठाने माखू नये म्हणून वर धरून.

मावशी, त्या दिवशी तुम्ही ओट्याशी नसता तर काय झालं असतं, हा विचार मी पूर्ण करत नाही. आमचं घर तुम्ही वाचवलंत. त्यानंतर ते घर कसं सांभाळायचं तेही तुम्हीच शिकवलंत, आणि शिकवताना मला एकदाही लाज वाटू दिली नाहीत. मनापासून आभार.

निळी बाटली बाथरूमच्या वरच्या फळीवर आणि ब्लीच ड्राय बाल्कनीत, मधे दोन दारं, तसंच आहे आणि तसंच राहील. काल तुम्ही जायच्या आधी धुतलेल्या फडक्यांच्या घड्या केल्यात आणि लाल तेवढं वेगळ्या पिशवीत गाठ मारून ठेवलंत. ती गाठ मी अजून सोडलेली नाही. लेकीला मुलगा-मुलगी काहीही होवो, फोन करा. बाळाचे कपडे धुवायला हिने एक किलो रिठे बांधून ठेवलेत, तीस तारखेला घेऊन जा.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा दादा