पेशीविभाजनाचा प्रयोग मे महिन्यात नको

महोदय,

सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी-प्रकल्प उन्हाळी सुट्टीत आटोपून घेण्याकडे कल असतो. तापमानाला हळव्या उत्परिवर्तकांचा (जनुकातल्या बदलामुळे जास्त तापमानावर नीट न विभागणाऱ्या जिवाणूंचा) प्रयोग मात्र नागपुरात मे महिन्यात लावू नये. पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि साधे इन्क्युबेटर फक्त तापवते, थंड करत नाही. काटा 30 वर ठेवला तरी आतले तापमान खोलीच्या खाली उतरत नाही. मग 30 अंशांवर जे कल्चर (वाढवलेले जिवाणू) नीट विभागायला हवे तेच बिघडते आणि तुलनेला काही उरत नाही.

ई. कोलाय या जिवाणूच्या पेशीच्या मध्यावर एफटीएसझेड या प्रथिनाच्या साखळ्यांचे कडे तयार होते. एफटीएसए आणि झिपए ही प्रथिने ते कडे पेशीच्या आतल्या पटलाला बांधून ठेवतात. मग एफटीएसके, क्यू, एल, बी, डब्ल्यू, आय, एन ही बाकीची प्रथिने येतात आणि भिंत आत वळत जाते. एफटीएसझेड-84 या उत्परिवर्तनात 105व्या जागी ग्लायसिनऐवजी सेरीन येते, तेही नेमके जीटीपी (कडे जुळायला लागणारा ऊर्जेचा रेणू) धरणाऱ्या भागात. 30 अंशांवर कडे तगते, 42 वर काही मिनिटांतच विस्कटते, परत 30 वर आणले की पुन्हा जुळते. प्रथिन नाहीसे झालेले नसते, त्याची जुळणी मोडलेली असते. प्रकल्पाच्या अहवालात हा फरक स्पष्ट यायलाच हवा.

नुसत्या ओडीवर (कल्चरच्या गढूळपणाच्या मापावर) विसंबू नये. विभाजन थांबले तरी वाढ आणि डीएनएची नक्कल चालूच राहते, त्यामुळे पहिले दीड-दोन तास ओडी चढतच जातो. प्लेटवर उगवणाऱ्या वसाहतींची संख्या मात्र वाढत नाही. दर अर्ध्या तासाने थेंब काढून सूक्ष्मदर्शकाच्या 100एक्स ऑइल इमर्शन भिंगाखाली बघावे. साध्या क्रिस्टल व्हायोलेट रंगानेही न विभागलेल्या पेशींचे लांबलचक तंतू स्पष्ट दिसतात. एफटीएसझेड-84चे तंतू गुळगुळीत असतात. शेजारी मूळ (उत्परिवर्तन नसलेल्या) जातीच्या कल्चरमध्ये दर मिलिलिटरला 10 मायक्रोग्रॅम सेफॅलेक्सिन हे प्रतिजैविक घालावे. ते एफटीएसआयला अडवते, कडे मात्र आधीच बसलेले असते. म्हणून त्या तंतूंवर अर्धवट खाचा दिसतात. जुळणी कोणत्या टप्प्यावर अडली, हे एवढ्यावरून ओळखता येते.

जिवाणू वाढवण्याच्या माध्यमातले मीठ हमखास दुर्लक्षिले जाते. बाजारातल्या एलबी या माध्यमाच्या पावडरींत ते लिटरला 5 किंवा 10 ग्रॅम असते आणि जास्त मिठाने 42 अंशांवरचा हा विभाजनाचा दोष झाकला जातो. मीठ न घातलेले एलबी स्वतः बनवावे आणि ते वहीत नोंदवावे. 42 अंशांच्या प्लेटवर चार-दोन वसाहती उगवल्याच, तर त्यांना भेसळ ठरवून फेकू नये. एफटीएसझेड जास्त प्रमाणात बनू लागले तरी दोष झाकला जातो, आणि मूळ बदल उलटलेलाही असू शकतो.

शीतकरण असलेला बीओडी इन्क्युबेटर नसेल, तर महाविद्यालयांनी हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीतच ठेवावा आणि 30 व 42 अंशांचे प्रत्यक्ष तापमान पाण्यात बुडवलेल्या थर्मामीटरने मोजूनच कल्चर आत ठेवू द्यावे.

– सूक्ष्मजीवशास्त्राचे काही अध्यापक, नागपूर