चांगला बोकड आधी विकला जातो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला कोबे बीफवरचा पानभर लेख दोनदा वाचला. पहिल्या वाचनात राग आला. तो वाजवी आहे की नाही हे ठरवायला दुसऱ्यांदा वाचला. वाजवी आहे. जपानी लोक गुरांना बिअर पाजतात, मालिश करतात, मका-बार्ली चारतात आणि म्हणून मांसात चरबीची जाळी धरते, एवढंच त्यात आहे. शेवटच्या चौकटीत तर कोकणातल्या शेळीपालकांनीही बोकडांना मक्याचा खुराक देऊन तसं मटण तयार करावं, असा सल्ला दिला आहे. हे पत्र त्या चौकटीसाठी आहे.

बिअर आणि मालिश या बहुतांशी सांगोवांगीच्या गोष्टी आहेत. खरं काम वाणाचं आहे. कोबे म्हणजे ह्योगो प्रांतातली ताजिमा गुरं. तिथले लोक त्या वंशाला बाहेरचा वळू लावत नाहीत. 1939 साली ताजिरी नावाचा एक वळू जन्मला. ही ताजिमा गुरं जपानच्या ज्या काळ्या वाणातली आहेत, त्या वाणाच्या पैदाशीच्या आज जपानभर जितक्या गाई आहेत, त्या जवळजवळ सगळ्या त्याच्या वंशातल्या आहेत. एक चांगला वळू ओळखला, राखला, त्याची नोंद ठेवली. तुमच्या लेखात ताजिरीचं नावसुद्धा नाही.

खाण्याचं महत्त्व मी नाकारत नाही. पण तेही अर्धंच लिहिलंय. त्या गुरांना दाण्याबरोबर भाताचा पेंढा घालतात, आपल्या उडवीतला असतो तसाच. हिरव्या चाऱ्यातलं कॅरोटीन चरबी पिवळी करतं आणि त्यापासूनच अंगात अ जीवनसत्त्व बनतं. वाळलेल्या पेंढ्यात ते फारसं उरत नाही, त्यामुळे चरबी पांढरीशुभ्र राहते. अंगात अ जीवनसत्त्व कमी असलं की मांसात चरबी जास्त धरते, म्हणून पुष्ट करण्याच्या दिवसांत ते मुद्दाम कमी पडू देतात. हे फार ताणलं तर जनावराचे सांधे सुजतात, दृष्टीसुद्धा जाते. हे वाचकांना सांगायला नको होतं का? मुक्या जनावराला आंधळेपणाच्या काठावर नेऊन आणलेली चव मला नको आहे.

आता माझी गोष्ट. बारा वर्षांपूर्वी अशाच एका लेखाचं कात्रण मी खिशात घेऊन फिरत होतो. आमच्या गोठ्यात कन्याळ शेळ्या, म्हणजे कोकणातलं इथलं वाण, आजीच्या वेळेपासूनच्या. काळा रंग, नाकपुडीपासून कानापर्यंत दोन्ही बाजूंनी पांढरा पट्टा. त्या वर्षी एका शेळीला जुळे बोकड झाले. त्यातला एक चार महिन्यांतच असा भरला की वाटेवरचा माणूस थांबून विचारायचा. आई म्हणाली, "ह्येका ठेव. असो बोकड परत गावाचो नाय." मी ऐकलं नाही. दोघांनाही खच्ची करून घेतलं आणि मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा, शेंगदाणा पेंड सुरू केली. रानात सोडणं बंद.

धाकट्याला नवव्या महिन्यात मूत कोंडलं. संध्याकाळपासून पाठ वाकवून उभा होता, मागचे पाय ताणून कण्हत होता. पहिल्यांदा मला वाटलं पोट धरलंय. डॉक्टर सकाळी आले तोवर पोट फुगून गार पडला होता. लहानपणी खच्ची केलेल्या बोकडाची मूत्रनळी अरुंद राहते. त्याला दाणा आणि कोंडा फार झाला, पाणी कमी पडलं, की खडा अडकतो. हे मला त्यांनी तेव्हा सांगितलं. माझ्या कात्रणात हे नव्हतं, तुमच्या चौकटीतही नाही.

थोरला दीड वर्षाचा झाला. 41 किलो भरला. शिमग्याला कापला तेव्हा मी स्वतः शेजारी उभा होतो. पोट उघडलं तर दोन्ही गुर्दे चरबीत असे बुडालेले की बोटाने शोधावे लागले. आतड्यांवर चरबीचा पडदा, जाड, पांढरा. आणि मांडी चिरली तर लालभडक मांस, जाळी नावाला नाही. आमचे खाटीक वयस्क, हाताने तोलून वजन सांगणारे. त्यांनी ती सगळी चरबी पाटीत काढून ठेवली आणि म्हणाले, "खंय गेली ता बघ. सगळी पोटात. मांस होता तसाच आसा." शेळीची जातच अशी आहे, ती चरबी पोटात साठवते. ताजिमाच्या अंगात ती मांसात साठवण्याचा गुण पिढ्यान्‌पिढ्या निवडून आणलेला आहे. चारा चरबी वाढवतो, ती कुठे साठायची ते वाण ठरवतं. हे कळायला मला माझा सगळ्यात चांगला बोकड घालवावा लागला. त्याचं एकही करडू माझ्या गोठ्यात नाही. आई जाईपर्यंत त्या बोकडाबद्दल बोलायची. मी मान खाली घालून ऐकायचो.

एवढ्यासाठीच सांगतो, कोकणात खरा प्रश्न खुराकाचा नाही. आमच्याकडे चांगला बोकड आधी विकला जातो. मुंबईचे चाकरमानी गणपतीत येतात तेव्हाच बघून ठेवतात आणि गटारी, शिमगा, बकरी ईद यांतल्या कुठल्या तरी सणाला तो जातो. मागे राहतो तो खुरटा, ज्याला गिऱ्हाईक मिळालं नाही, आणि शेळ्यांना तोच लागतो. त्यात बरेचदा तो त्याच गोठ्यातला असतो, म्हणजे आईला, बहिणीला तोच. चार पिढ्या असं चाललं की करडं लहान होतात, मरतात, आणि मग आम्ही म्हणतो वाण बिघडलं. कुडाळ तालुक्यातल्या निळेलीला कृषी विद्यापीठाचं केंद्र कन्याळ जपतं आहे. तुमच्या वार्ताहराने तिथे एकदा जावं. गावात चार घरांनी मिळून एक निवडक बोकड ठेवला, दोन वर्षांनी दुसऱ्या गावाशी बदलला, तर काय फरक पडतो ते त्याने बघावं आणि त्यावर पानभर लिहावं.

चवीचं म्हणाल, तर रानात चढून करवंदीचा शेंडा, फणसाचा पाला, उंबर खाल्लेल्या वर्षाच्या आतल्या बोकडाचं मटण मी कशाशीही बदलणार नाही. पण तेही पाय बांधून टेम्पोत रात्रभर आदळत आणलं तर बिघडतं. घाबरलेल्या, थकलेल्या जनावराच्या अंगातली साखर संपलेली असते. त्याचं मांस काळपट, कोरडं पडतं आणि लवकर खराब होतं. लेखात म्हशीच्या मांसाला चिवट म्हणून जी नावं ठेवली आहेत, तीही अन्यायाची आहेत. राज्यात गाईच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, 2015 पासून बैलाच्याही कत्तलीला आहे, म्हणजे बाजारात येते ती म्हैस, आणि तीही बहुतेक वेळा वेतं संपलेली, म्हातारी. अडीच वर्षांच्या पोसलेल्या गुराशी तिची बरोबरी करायची आणि दोष जातीला द्यायचा, हे बरोबर नाही.

आणखी एक गोष्ट, बरेच दिवस मनात आहे. आपलं शेतीचं पान घाटावरच्या शेतकऱ्यासाठी लिहिलेलं असतं. गेल्या जुलैत त्यात शेळ्यांना पहाटे लवकर चरायला सोडा असं होतं. इथे जुलैत पहाटे सोडली तर ओल्या गवताबरोबर जंत पोटात जातात आणि पायांचे खूर कुजतात. आम्ही पाऊस उघडून पाला निथळेपर्यंत गोठ्यातच फांद्या टांगतो. त्याच पानावर आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष तयार होऊन जनावर अचानक मरतं त्या रोगावरची, लस टोचून घ्या अशी सूचना होती, तीही जुलैतच. ती लस पावसाआधी टोचायची असते. आमच्या वाडीत तोवर सहा करडं गेली होती, त्यातली दोन माझी. पुढच्या वर्षी ती सूचना कृपा करून मेच्या पहिल्या आठवड्यात छापा.

आपला नम्र,
एक शेळीपालक, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग