मुखपृष्ठ उलटून तरी पाहायचं होतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जपानी मांगा, म्हणजे चित्रकथांच्या साप्ताहिकांवर आलेला लेख वाचला. लेखक टोकियोतल्या एका कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात शिरले. तिथे त्यांना 'यंग जंप' हे साप्ताहिक दिसलं, त्याच्या मुखपृष्ठावर पोहण्याच्या पोशाखातली मुलगी दिसली, शेजारी टाय लावलेले एक गृहस्थ ते उभ्या उभ्या चाळताना दिसले. एवढ्या भांडवलावर जपानी पुरुष मोठेच होत नाहीत असा निकाल देऊन ते मोकळे झाले.

मी टोकियोच्या एदोगावा भागात राहते. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले. अशा व्हिसावर परवानगी काढली की आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं, म्हणून काही वर्षं मी अशाच एका कोन्बिनीत पहाटेच्या पाळीला होते. हे साप्ताहिक मी वाचायला लागले ते बरंच नंतर. त्याआधी त्याचे गठ्ठे फोडले, मांडले, मोजले आणि उरलेले परत पाठवले. त्या अधिकाराने हे पत्र.

'यंग जंप' गुरुवारी निघतं. पहाटे गाडी यायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने करकचून आवळलेले गठ्ठे दारात पडायचे. पट्टी कापली की ती फटकन उडते. तोंड बाजूला ठेवायचं असतं हे कुणी सांगत नाही, आपोआप कळतं. आधी मागच्या आठवड्याचे उरलेले अंक काढायचे, एकेकाचा बारकोड स्कॅन करायचा आणि परतीच्या गठ्ठ्यात बांधायचे. जपानमध्ये न खपलेली मासिकं वितरकाकडे परत जातात, त्यामुळे दुकानदाराच्या अंगावर पडत नाहीत. किंमत प्रकाशकाने छापलेली तीच. शिळा झाला म्हणून कुणी अंक स्वस्तात विकत नाही. मग नवे अंक रस्त्याकडच्या काचेला लागून असलेल्या मांडणीत लावायचे. ही मांडणी काचेशीच असते, कारण आत माणसं वाचत उभी दिसली की बाहेरच्यालाही दुकानात शिरावंसं वाटतं. म्हणजे लेखकाला जे टायवाले गृहस्थ बाहेरूनच दिसले, ते तसे दिसावेत अशीच सोय केलेली असते!

अंक हातात घेतला तर वही दुमडावी तसा दुमडलेला, मध्यावर दोन पिना. पानं इतकी की मधला भाग फुगून वर येतो. कागद खरबरीत, वाचून टाकून द्यायच्या लायकीचा. मी होते तेव्हा किंमत तीनशे येनच्या थोडी वर होती. वर्षाअखेरीला, मे महिन्यातल्या सुट्ट्यांना आणि ऑगस्टमध्ये ओबोनच्या, म्हणजे पूर्वजांच्या सणाच्या सुमारास दोन आठवड्यांचा जोडअंक निघतो आणि पुढचा गुरुवार कोरडा जातो. अशा एका गुरुवारी, बांधकामावरचे फुगीर विजारी घातलेले एक दादा मांडणीसमोर येऊन उभे राहिले, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला म्हणाले, "आलंच नाही?" जोडअंक होता म्हटल्यावर कॉफीचा डबा घेऊन गेले. चेहरा असा, की मीच अंक लपवून ठेवलाय.

घेणारे कोण, तर असे दादा, रात्रपाळी संपवून घरी निघालेले टॅक्सीवाले, पहिली गाडी पकडणारे नोकरदार, कॉलेजची मुलं. बायकाही घ्यायच्या. त्या अंक पालथा घालून काउंटरवर ठेवायच्या आणि मीही तो पालथाच पिशवीत घालायचे.

मोठी माणसं चित्रकथा का वाचतात, असा प्रश्न लेखकाला पडला. उत्तरासाठी मात्र ते थांबले नाहीत. १९५९ च्या मार्चमध्ये 'शोनेन मॅगझिन' आणि 'शोनेन संडे' ही मुलांची दोन साप्ताहिकं एकाच दिवशी निघाली. युद्धानंतर जन्मलेली पोरं ती वाचत वाढली, कॉलेजात गेली, नोकरीला लागली, आणि वाचायची काही थांबली नाहीत. मग प्रकाशकच त्यांच्या मागोमाग गेले. १९६७ मध्ये 'मांगा ॲक्शन' आलं, १९६८ मध्ये 'बिग कॉमिक'. त्यापुढच्या पिढीसाठी शुएइशा या प्रकाशन संस्थेने १९७९ मध्ये 'यंग जंप' काढलं आणि १९८० मध्ये कोदान्शाचं 'यंग मॅगझिन' व शोगाकुकानचं 'बिग कॉमिक स्पिरिट्स' बाजारात आलं. 'यंग जंप' सुरुवातीला महिन्यातून दोनदा निघायचं, १९८१ पासून दर आठवड्याला. मुलांचं 'शोनेन जंप' शुएइशाचंच. तिथून मोठं होऊन बाहेर पडणारं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात जाऊ द्यायचं नाही, असा सरळ व्यापारी हिशेब. यात पोरकटपणा कुठे आला?

फरक पानोपानी दिसतो. मुलांच्या साप्ताहिकात कांजीशेजारी, म्हणजे जपानीतल्या चिनी चित्राक्षरांशेजारी, बारीक अक्षरात उच्चार छापलेला असतो. 'यंग जंप'मध्ये अवघड नावं वगळली तर तो आधार फारसा मिळत नाही. वाचक शिकलेला आहे असं गृहीत धरलेलं असतं. माझी तिथे चांगलीच दमछाक व्हायची.

आता मुखपृष्ठाबद्दल. मला ते आवडत नाही. तेव्हाही आवडायचं नाही, आजही नाही. आधी तरुण मुलींची गुळगुळीत रंगीत छायाचित्रं, आणि मग कुठे गोष्टी. ही छायाचित्रं अंक खपवण्यासाठी असतात आणि ती अंक खपवतात, यापलीकडे त्यांची बाजू घ्यायला माझ्याकडे काही नाही. पुरुषांसाठीच्या साप्ताहिकात चालतंच, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. पण लेखकाने त्याला 'अश्लील मासिक' म्हटलं, ते चूक. इथे ज्यांना प्रौढांसाठीची मासिकं म्हणतात ती वेगळी असतात, वेगळ्या कप्प्यात असायची. रग्बी विश्वचषक आणि ऑलिंपिकसाठी परदेशी पाहुणे येणार म्हणून मोठ्या कोन्बिनी साखळ्यांनी २०१९ मध्ये ती विकणं बंद केलं. तो कप्पा रिकामा झाला. 'यंग जंप' जिथे होतं तिथेच राहिलं.

आणि त्या छायाचित्रांच्या मागे काय असतं? सातोरू नोदा यांची 'गोल्डन कामुय' २०१४ ते २०२२ या काळात इथेच क्रमशः आली. रशिया-जपान युद्धातून जिवंत परतलेला सुगिमोतो हा सैनिक आणि आशिरपा ही आयनू या आदिवासी समाजातली मुलगी होक्काइदो या उत्तरेकडच्या बेटावर दडवलेल्या सोन्याच्या शोधात निघतात. रक्त भरपूर, मारामाऱ्या भरपूर, चावटपणाही कमी नाही. पण मध्येच पाठलाग बाजूला पडतो आणि आशिरपा खार सोलायला बसते. सोललेली खार सुरीने बारीक चेचायची, चेचताना 'चितातप, चितातप' म्हणायचं, आणि आळीपाळीने सगळ्यांनी हात लावायचा. अशाच एका रश्श्याच्या वेळी सुगिमोतो आपल्याजवळचा मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा तपकिरी लगदा काढतो, तर ती त्याला विष्ठा समजते आणि हा माणूस घाण खातो म्हणून हादरते. चित्रात तिचा तो चेहरा बघून मी दुकानाच्या मागच्या खोलीत एकटीच हसले होते. पण हसता हसता एका समाजाचं जेवण, हत्यारं, देव, शिकारीचे नियम डोक्यात जाऊन बसतात. आयनू भाषेसाठी भाषातज्ज्ञ हिरोशी नाकागावा यांचं मार्गदर्शन होतं. २०१८ मध्ये या मालिकेला मांगासाठीचा तेझुका ओसामू पुरस्कार मिळाला, आणि २०१९ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने मांगाचं प्रदर्शन भरवलं तेव्हा जाहिरातीवर हीच आशिरपा होती. त्याच वर्षी आयनूंना मूळ रहिवासी म्हणणारा कायदा जपानी संसदेने केला. हा कायदा मांगामुळे झाला असं मी म्हणत नाही. पण आमच्याकडे रोज पहाटे येणारे एक टॅक्सीवाले आजोबा मला म्हणाले होते, की आमच्या वेळी शाळेच्या पुस्तकात आयनू अर्ध्या पानात संपायचे.

दुसरी 'किंगडम'. यासुहिसा हारा यांची ही मालिका २००६ पासून चालू आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला चीन, एकमेकांच्या उरावर बसलेली राज्यं, आणि सरसेनापती व्हायचं म्हणणारा एक गुलाम पोरगा. तो ज्या तरुण राजासाठी लढतो, तो पुढे चीनचा पहिला सम्राट होतो. हारा हे चित्रकार होण्याआधी सिस्टिम इंजिनियर म्हणून नोकरी करत होते. माझा नवरा त्याच धंद्यातला, त्यामुळे त्याला प्रत्येक सेनापतीत आपला कुठला ना कुठला प्रोजेक्ट मॅनेजर दिसतो. ताकेहिको इनोउए यांची 'रियल' १९९९ पासून याच साप्ताहिकात अधूनमधून येते. व्हीलचेअरवर बसून बास्केटबॉल खेळणाऱ्यांची ती गोष्ट. त्यात कुणी बिचारं नाही. चिडके आहेत, गर्विष्ठ आहेत, हरल्यावर आदळआपट करणारे आहेत. मी क्रीडाकथा स्वतःहून कधी हातात घेतली नसती. हिची गाठ पडली ती केवळ मी उघडलेल्या अंकात ती होती म्हणून.

माझं खरं म्हणणं इथे आहे. एका मालिकेची आठवड्याला अठरा-वीस पानं, आणि अशा कितीतरी मालिका दोन पिनांत एकत्र. वाचक एकीसाठी अंक घेतो आणि बाकीच्या त्याच्या पानात वाढल्या जातात. कोणत्या कथा आवडल्या ते कळवायला वाचकांसाठी पोस्टकार्ड असतं, त्यामुळे रटाळ मालिकेला फार काळ थारा नाही. पण लोकप्रिय मालिकेच्या शेजारी बसून नवख्याला आपला जम बसवायला थोडा वेळ मिळतो. नुसता अंक विकून प्रकाशकाला फारसं सुटत नाही. दहाएक प्रकरणं झाली की त्यांचं चांगल्या कागदावर पुस्तक निघतं, खरी कमाई त्यात. साप्ताहिक म्हणजे दर आठवड्याची चाचणी परीक्षा आणि तिचा निकाल भरचौकात. काढणाऱ्यांचे हाल होतात ते वेगळेच; दर आठवड्याला एवढी पानं म्हणजे हाताखाली मदतनीस घेऊनही झोपेची वाट लागते. लेखकाला टीका करायला जागा हवी होती तर ती तिथे होती, मुखपृष्ठापेक्षा कितीतरी मोठी.

हा एकत्रपणा आता सुटत चालला आहे. जपानमध्ये २०१७ मध्येच मांगाच्या डिजिटल विक्रीने छापील पुस्तकांच्या विक्रीला मागे टाकलं. 'यंग जंप'चंही ॲप आहे. कोन्बिनीतली मासिकांची मांडणी आखूड होते आहे आणि त्या जागी गोठवलेल्या पदार्थांचे फ्रीज येताहेत. आमचा मुलगा आता हायस्कुलात आहे. तो 'किंगडम' फोनवर वाचतो, एक प्रकरण संपलं की त्याच मालिकेचं पुढचं. 'रियल' याच साप्ताहिकात येते हे त्याला माहीतच नव्हतं, मी सांगितलं तेव्हा "हो का?" म्हणून पुन्हा फोनमध्ये गेला. त्याला ती छायाचित्रं बघावी लागत नाहीत, ही आई म्हणून माझी सोय. पण न मागितलेली गोष्टही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. दोन्हीतलं काय बरं, हे मला ठरवता आलेलं नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की या विषयावर पुन्हा काही छापणार असाल तर लेखकाला निदान एक अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायला लावा. भाषा येत नसेल तर ज्याला येते त्याला शेजारी बसवा. मुखपृष्ठाचा फोटो जरूर छापा, झाकायचं कारण नाही. रीतसर परवानगी काढून त्याच्या शेजारी आतलं एक पानही छापा.

कळावे,
आपली एक वाचक,
एदोगावा, टोकियो

ता. क. लेखासोबत मांगाचं पान म्हणून जे चित्र छापलं होतं, ते आरशात पाहिल्यासारखं उलटं झालं आहे. जपानी पान उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून कुणीतरी आपल्या सोयीसाठी ते फिरवलं असावं. त्यात सगळे सामुराई डावखुरे झालेत आणि तलवारी उजव्या कमरेला गेल्यात.