ओर्लीच्या गच्चीवर

प्रिय दोस्ता,

पत्राला उशीर झाला, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. ख्रिस मार्करचा ‘ला जेते’ पाहिला. १९६२ चा फ्रेंच चित्रपट, जेमतेम २८ मिनिटांचा. शेवट आधी कळल्याने तुझं काही बिघडत नाही, म्हणून सगळंच लिहितो.

पॅरिसजवळच्या ओर्ली विमानतळाची गच्ची. आईवडिलांबरोबर विमानं बघायला आलेल्या मुलाच्या मनावर एका बाईचा चेहरा ठसतो. तेवढ्यात एक माणूस कोसळतो. आपण मरण पाहिलं, हे मुलाला नंतर उमगतं. मग तिसरं महायुद्ध, पॅरिस बेचिराख, आणि उरलेसुरले लोक शायो राजवाड्याखालच्या भुयारांत. तिथे कैद्यांवर प्रयोग चालतात. अन्न, औषधं, ऊर्जा आणायला कुणाला तरी काळाच्या पलीकडे धाडायचं असतं. प्रयोग करणारे आपसात जर्मनमध्ये कुजबुजतात. दुसरं महायुद्ध संपून सतराच वर्षं झाली होती रे, तेव्हाच्या पॅरिसकरांना ते ऐकून काय वाटलं असेल!

आधीचे कैदी मेले, काहींना वेड लागलं. गच्चीवरचा तो मुलगा मोठा होऊन आता याच कैद्यांत असतो. हा तगतो, कारण तो चेहरा त्याने मनात घट्ट धरून ठेवलेला असतो. तो भूतकाळात जातो, ती बाई भेटते. दोघं बागेत हिंडतात. सिकोयाच्या कापलेल्या बुंध्यावर इतिहासातली सालं लिहिलेली असतात. तो बुंध्याच्या बाहेर, हवेत बोट दाखवून सांगतो, मी इथून आलो. अंगावर काटा आला माझ्या.

आणि हे सगळं स्थिर छायाचित्रांत, बरं का! एकापुढे एक फोटो, वर ज्याँ नेग्रोनीच्या आवाजातलं निवेदन. फक्त एकदाच चित्र हलतं. ती बाई झोपेतून डोळे उघडते, पापण्या लवतात. काही क्षणांचाच प्रकार, पण त्या उद्ध्वस्त जगात तेवढीच एक जिवंत गोष्ट आहे असं वाटतं.

नंतर त्याला भविष्यातही धाडतात. काम झाल्यावर त्याला मारणार हे ठरलेलंच. भविष्यातली माणसं त्याला आपल्यात घ्यायला तयार असतात. तो ते नाकारतो आणि लहानपणीची गच्ची मागतो. तिच्याकडे धावताना त्याला त्या भुयारांतल्या छावणीतला माणूस दिसतो, आणि कळतं, त्या मुलाने पाहिलेलं मरण त्याचं स्वतःचंच होतं.

मरणाचं भाकीत ऐकून पळणारा नायक आपण पुष्कळदा पाहिला. इथे त्याला कुणी काही सांगत नाही. भाकीत त्याच्याच आठवणीत असतं, आणि त्याच आठवणीच्या आधारावर तो जगलेला असतो. मला सगळ्यात जास्त हलवलं ते याने. टेरी गिलियमने १९९५ मध्ये यावरूनच ‘ट्वेल्व्ह मंकीज’ केला. तोही चांगलाच आहे, पण मूळ चित्रपटासारखा आत रुतत नाही.

एकच प्रश्न सुटत नाही. गच्ची मागताना त्याला आतून काहीच ठाऊक नसेल? मला आधी वाटलं, तो फक्त तिच्यासाठी गेला. दुसऱ्यांदा पाहिल्यावर तेवढी खात्री उरली नाही. तू पाहा, रात्री, एकटाच, आणि तुला काय वाटतं ते सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार.

तुझाच