‘थोडी’ म्हणजे नेमकी किती?

संपादक महोदय,

‘थोडी दारू घेतली तर हृदयाला चांगलीच,’ हे हुरडा पार्टीपासून लग्नाच्या वरातीपर्यंत सगळीकडे ऐकू येते. पण ‘थोडी’ मोजतो कोण? 42.8 टक्क्यांच्या व्हिस्की-रमचा 30 मिलीचा पेग म्हणजे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. 180 मिलीच्या क्वार्टर बाटलीत असे सहा. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्याची 8 टक्क्यांची 650 मिलीची स्ट्राँग बाटली चार पेगांएवढी भरते. औषधाच्या मापाने 30 मिली पाणी नेहमीच्या ग्लासात ओतून पाहा, तळ जेमतेम झाकतो. घरी अंदाजाने भरलेला पेग एवढ्यावर थांबत नाही. यकृत तासाला साधारण एकच पेग उरकते. लिंबूपाण्याने वा अंघोळीने तो वेग वाढत नाही.

हृदयाच्या फायद्याचे म्हणाल, तर अनेक जुन्या अभ्यासांत ‘न पिणारे’ म्हणून आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले गेले. त्यांच्याशेजारी थोडी पिणारे ठणठणीत दिसणारच. हे लोक वगळले की फायदा बराचसा विरतो. उतारवयात किंचित फायदा काही अभ्यासांत अजूनही दिसतो, हे मान्य. पण रक्तदाब आणि कर्करोगाचा धोका त्याच ग्लासातून येतो. रेड वाइनमधला द्राक्षाचा गुण हवा असेल, तर आपल्या नान्नजची द्राक्षे आहेत.

गालात तंबाखूचा मावा आणि वर दारू, ही जोडी मला जास्त भयंकर वाटते. दारूने ओले झालेले तोंडाचे अस्तर तंबाखूची विषे अधिक शोषते. पंधरा दिवसांत न भरलेली जखम किंवा पांढरा चट्टा लगेच दाखवावा.

मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी पेग घेतला, तर यकृत साखर तयार करणे आवरते घेते आणि पहाटेपर्यंत रक्तातली साखर कोसळू शकते. दरदरून घाम, थरथर, बरळणे दिसते. घरचे ‘चढली आहे, झोपू दे’ म्हणतात आणि तिथेच घात होतो. आधी ग्लुकोमीटर लावून रक्तातली साखर पाहा. माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठा.

आणि वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने हे वाचून उद्यापासून एकदम बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत हातापायांना कंप सुटतो, फिटही येऊ शकते. सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे घेऊन.

— एक फार्मासिस्ट, सोलापूर