सोर्स दिसतो, पण वाचता येत नाही

संपादक साहेब,
पूर्वी कुठल्याही वेबपानावर राइट क्लिक करून 'व्ह्यू सोर्स' केलं की अख्खं एचटीएमएल, म्हणजे पान ज्यात लिहिलंय तो कोड, समोर यायचं, टेबल कसं मांडलंय, मेनू कसा उघडतो, हे बघून बघूनच कित्येक पोरं क्लास न लावता शिकली. आता बऱ्याच साइटवर एक रिकामा डिव्ह (पानातला नुसता कप्पा) आणि मिनिफाय केलेली, म्हणजे आवळून लहान केलेली जावास्क्रिप्ट (पान चालवणारा कोड), सगळी एका ओळीत, व्हेरिएबलची नावं ए, बी, टी! फाइल लहान होते, मान्य. पण सोर्स मॅप (आवळलेला कोड मूळ कोडशी जुळवून देणारी फाइल) दिला तर ब्राउझर मूळ कोड दाखवतो की, तो मात्र कुणी सहसा बाहेर ठेवत नाही. आणि २०१९ पासून अधिकृत स्टँडर्ड असलेली वेबअसेम्ब्ली (ब्राउझरमध्ये चालणारा, आधीच कंपाइल केलेला कोड) तर थेट बायनरीच, माणसासाठी नाही, यंत्रासाठी (टेक्स्ट करून दिसते, पण वाचणार कोण?). निदान सरकारी पोर्टलं तरी, पैसा जनतेचाच ना, सोर्स मॅपसकट टाका.
– एक वाचक, नाशिक