विकेनहायझर गोलरक्षक नव्हती

महोदय,

कालच्या क्रीडा पानावर कॅनडाची आइस हॉकीपटू हेली विकेनहायझर हिच्याबद्दल लेख आला, याचा आनंद दुसऱ्याच परिच्छेदात मावळला. तिथे तिला गोलरक्षक आणि एनएचएल या उत्तर अमेरिकेतील पुरुषांच्या व्यावसायिक लीगमधील संघाकडून उतरलेली पहिली महिला म्हटले आहे. ती पहिली महिला विकेनहायझर नव्हे. तो मान मानों रेओमचा. २३ सप्टेंबर १९९२ रोजी टॅम्पा बे लाइटनिंगकडून, सेंट लुइस ब्लूजविरुद्धच्या सरावसामन्यात रेओम एक पिरियड (सामन्याच्या तीन सत्रांपैकी एक) गोलमध्ये उभी राहिली. नऊपैकी सात फटके अडवले, दोन गोल खाल्ले. विकेनहायझर सेंटर, म्हणजे आघाडीच्या फळीतली मधली खेळाडू. पुरुषांच्या व्यावसायिक हॉकीत गोल करणारी ती पहिली महिला, तोही फिनलंडमध्ये, सालामात संघाकडून, २००३ साली. गोलंदाजाच्या खात्यावर यष्टिरक्षकाचे झेल कोणी छापत नाही. मग इथे एवढी बेफिकिरी का?

बॉडीचेकला, म्हणजे अंगाने धडक देऊन अडवायला, बंदी म्हणून महिलांचा खेळ 'सौम्य', हे लेखातले वाक्य तर फारच लागले. १९९० च्या ओटावातील महिलांच्या पहिल्या विश्वस्पर्धेत बॉडीचेक चालत होता, बंदी नंतर आली. २००२ च्या सॉल्ट लेक ऑलिंपिकची अंतिम लढत आठवा: कॅनडावर ओळीने आठ पेनल्टी लागल्या. प्रत्येक वेळी एक जण शिक्षा म्हणून दोन मिनिटे मैदानाबाहेरच्या बॉक्समध्ये, आणि चौघींनी पाच जणींना थोपवायचे. अशा वेळी सेंटरने स्वतःच्या गोलजवळचा फेसऑफ (खेळ सुरू करताना पंचाने टाकलेल्या पकसाठी दोघींची झुंज; पक म्हणजे खेळायची चकती) जिंकून पक मागे डिफेन्सकडे ढकलायचा आणि डिफेन्सने तो सरळ पलीकडच्या टोकाला भिरकावायचा. एरवी हा 'आयसिंग' नावाचा नियमभंग ठरतो. कमी खेळाडू असलेल्या संघाला तेवढी मुभा असते. पक आणायला समोरचा संघ मागे गेला की घड्याळ पुढे सरकते आणि दमलेल्या चौघी बदलता येतात. फेसऑफ हरला, तर त्याच चौघी गोलसमोर अडकून पडतात. कॅनडाने तो सामना ३-२ जिंकला; त्यातला एक गोल विकेनहायझरचा, स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूही तीच. लेखात याला एक ओळसुद्धा नाही!

आणखी एक. पकला 'चेंडू' म्हणू नये. ती सुमारे १६५ ग्रॅमची रबरी चकती असते, आणि उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात.

विकेनहायझर २०१८ मध्ये लेहला येऊन लडाखच्या मुलींना शिकवून गेली. त्या मुलींच्या भारतीय संघाने २०२५ च्या आशिया चषकात कांस्यपदक मिळवले. लेखाला जोडायला हा धागा आयता हाताशी होता. कृपया चूक दुरुस्त करून छापावी, तीही क्रीडा पानावरच.

— एक वाचक, ठाणे